६८३ किलोमीटरला दीड तास का लागतो: नागपूर–मुंबई विमानप्रवासाचा हिशेब

नेर तालुक्यातील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना तपासणीसाठी मुंबईत परळ भागातील रुग्णालयात दुपारी तीन वाजता हजर करायचे आहे. इंटरनेटवर नागपूर–मुंबई हवाई अंतर ६८३ किलोमीटर दिसते. एक संकेतस्थळ त्याला ५१ मिनिटे लागतील असे सांगते, दुसरे १ तास २१ मिनिटे सांगते, आणि हातातल्या तिकिटावर मात्र जाण्याला १ तास ३५ मिनिटे व परतीला १ तास २५ मिनिटे छापलेली आहेत. यातले खरे कोणते, आणि घरून किती वाजता निघावे?

मी वीस वर्षांहून अधिक काळ विमानांच्या उड्डाण-नियोजनाचे काम केले. कोणत्या मार्गाने जायचे, किती उंचीवर, किती इंधन घेऊन, हे प्रत्येक फेरीआधी ठरवण्याचे ते काम. आता आर्वीजवळ गावी राहतो. आपल्या प्रश्नातले चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, एवढेच. त्यातला नेमका कोणता आकडा आपल्या उपयोगाचा, हे समजले नाही तर आजारी माणसाला घेऊन निघालेल्या कुटुंबाची फार ओढाताण होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी अंतर. दोन विमानतळांमधले जे अंतर सांगितले जाते ते पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले कमीत कमी अंतर असते. ते आपल्याला कागदावरही काढता येते. नागपूरचे सोनेगाव विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांश आणि ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचे विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व येथे आहे. म्हणजे अक्षांशाचा फरक २ अंश आणि रेखांशाचा फरक ६.१८ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि हे माप पृथ्वीवर सगळीकडे जवळजवळ सारखेच राहते. रेखांशाचे तसे नाही. सोललेल्या संत्र्याच्या फोडी पाहा: मधोमध रुंद, आणि देठाकडे व बुडाकडे निमुळत्या. रेखांशांमधल्या पट्ट्या अगदी तशाच विषुववृत्तावर रुंद आणि ध्रुवांकडे अरुंद होत जातात, म्हणून आपल्या अक्षांशावर १११ ला सुमारे ०.९४ ने गुणावे लागते. त्या हिशेबाने उत्तर-दक्षिण अंतर २२२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ६४५ किलोमीटर येते. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मांडून पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला की उत्तर ६८२ येते. गोलाकार पृथ्वीचे सूक्ष्म सूत्र वापरले तर किलोमीटर-दोन किलोमीटरचाच फरक पडतो. दहावीच्या मुलांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा. भूगोल आणि भूमिती एकाच पानावर भेटतात. मात्र ही सोपी रीत देशांतर्गत अंतरांपुरतीच धरावी. मुंबईहून न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासात ती चालत नाही. तिथे शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून पाहिला की लक्षात येते की सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा कितीतरी उत्तरेकडून जातो.

या ६८३ किलोमीटरची तुलना जमिनीवरच्या अंतरांशी केली तर एक गोष्ट ध्यानात येते. रेल्वेने नागपूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग, जो ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपतो आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे हवाई मार्गाने अंतराची बचत फार मोठी होत नाही. विमानाचा खरा फायदा वेगाचा आहे, आणि तो वेग किती वेळ टिकतो यावरच सगळे गणित फिरते.

आता वेळेकडे येतो. ५१ मिनिटांचा आकडा म्हणजे ६८३ ला ताशी ८०० च्या आसपासच्या वेगाने दिलेला साधा भागाकार आहे. १ तास २१ मिनिटे सांगणाऱ्या संकेतस्थळाने त्याच भागाकारात उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवला आहे. ही ढोबळ रीत दोन-तीन हजार किलोमीटरच्या प्रवासाला बऱ्यापैकी जुळते, पण सहा-सातशे किलोमीटरला तोकडी पडते. नेरहून अमरावतीला जाणारी एसटी ताशी साठने पळू शकते, म्हणून साठ किलोमीटरला ती बरोबर एक तास घेईल असे आपण कधीच धरत नाही. स्थानकातून बाहेर पडणे, गावागावातले थांबे आणि शहरातली गर्दी आपण आपोआप मनात मिळवतो. विमानाच्या बाबतीत हे भान सुटते, कारण मधले टप्पे आपल्याला दिसत नाहीत.

ते टप्पे असे आहेत. विमानाच्या चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात, उतारावर बैलगाडी उभी केली की आपण चाकाखाली दगड लावतो तसे. निघताना ते ठोकळे काढून विमान हलू लागते तिथपासून, मुंबईत जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतच्या वेळेला आमच्या कामात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. तिकिटावर छापलेली वेळ हीच असते. तिच्यात आकाशातला काळ तर असतोच, पण दोन्हीकडे जमिनीवर चालण्याचाही काळ असतो. नागपूरला एकच धावपट्टी आहे, सुमारे ३,२०० मीटरची, आणि वर्दळ बेताची असल्याने विमान मागे ढकलण्यापासून उड्डाणापर्यंत साधारण दहा मिनिटांत काम होते. त्यानंतर एअरबस ए३२० सारख्या जेट विमानाला ३४ ते ३६ हजार फुटांवर पोहोचायला वीसेक मिनिटे लागतात. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत ठेवण्याचा नियम आहे. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. त्यामुळे चढाईच्या सुरुवातीला विमान पूर्ण वेगाच्या बरेच मागे असते.

उतरण्याची तयारी तर आणखी लांबून सुरू होते. दर हजार फूट उंची उतरण्यासाठी तीन सागरी मैल, असा वैमानिकांचा तोंडी हिशेब आहे. ३५ हजार फुटांवरून उतरायचे तर १०५ सागरी मैल आधी, आणि वेग कमी करण्यासाठी आणखी दहाएक मैल. नागपूर–मुंबई अंतर सागरी मैलांत ३६९ भरते. त्यातले सव्वाशेच्या आसपास चढाईत आणि तेवढेच उतरण्यात गेले की पूर्ण वेगाने सरळ उडण्यासाठी एक तृतीयांश मार्गच उरतो. ताशी ८३० किलोमीटर हा वेग खरा आहे, पण या मार्गावर तो जेमतेम वीस मिनिटे मिळतो. भागाकार चुकतो तो इथे.

मुंबईच्या टोकाला आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकाच धावपट्टीवरून विमाने चढतात आणि उतरतात. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकावर हे घडते. साहजिकच येणाऱ्या विमानांना ठराविक मार्गांनी वळवत, वेग कमी करायला सांगत, प्रसंगी आकाशातच लंबगोल घिरट्या घालायला लावत एकापाठोपाठ एक रांगेत आणले जाते. दहा मिनिटे तिथे सहज जातात, पावसाळ्यात वीस-पंचवीसही जातात. याशिवाय विमान मुळात सरळ रेषेत उडत नाही. प्रत्येक विमानतळावरून निघण्याचे आणि पोहोचण्याचे आखलेले मार्ग असतात, मधे हवाई मार्गांवरचे ठरलेले बिंदू असतात, त्यामुळे प्रत्यक्ष उडलेले अंतर ६८३ पेक्षा काहीसे जास्तच भरते. हे सगळे जोडा: नागपूरला जमिनीवर दहा, चढाई वीस, सरळ उड्डाण वीसच्या आत, उतरणे पंचवीसच्या आत, रांगेचे दहा, मुंबईत जागेवर पोहोचण्याचे दहा. बेरीज दीड तासाच्या जरा वर जाते, आणि तिकिटावरचे १ तास ३५ मिनिटे तिथूनच येतात.

परतीचा प्रवास दहा मिनिटांनी कमी का, हा प्रश्न मला विशेष आवडला, कारण त्यामागे आपल्या हवामानाचा मोठा भाग दडलेला आहे. एक कारण सोपे आहे: नागपूरला उतरताना रांग क्वचितच असते. दुसरे कारण वाऱ्याचे. विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या संदर्भातला वेग असतो. हवाच सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो, जसा पुराच्या पाण्यात डोंग्याचा बदलतो. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. समजा, त्या दिवशी ६० नॉटचा पश्चिम वारा आहे आणि विमानाचा स्वतःचा वेग ४५० नॉट आहे. मुंबईला जाताना जमिनीवरचा वेग ३९० राहील, येताना ५१० होईल. संपूर्ण ३६९ मैल याच वेगांनी काटले असे धरले तर जाताना ५७ मिनिटे आणि येताना ४३ मिनिटे. प्रत्यक्षात चढउतारामुळे फरक एवढा मोठा राहत नाही, आठ-दहा मिनिटांवर येतो, पण दिशा तीच. शिवाय ५७ आणि ४३ ची बेरीज १०० होते, तर वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून ९८ च मिनिटे लागली असती. वाऱ्याने जाताना घेतलेले तो येताना पुरते परत करत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेले असते.

पावसाळ्यात चित्र पालटते. जमिनीलगत नैर्ऋत्येचा मोसमी वारा असतो, पण वर, बारा-पंधरा किलोमीटरच्या थरात, दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगवान प्रवाह तयार होतो. उष्ण कटिबंधातील या पूर्वेकडील जेट प्रवाहाची मांडणी भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केली. त्याचा सर्वांत जोर आपल्यापेक्षा दक्षिणेला असतो, तरी जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भावरही वरचे वारे पूर्वेचे होतात, आणि मुंबईकडे जाणाऱ्या विमानाला विरोधाऐवजी थोडी मदत मिळते. ती मदत मुंबईवरच्या ढगांमुळे आणि रांगेमुळे बहुतेक वेळा खर्ची पडते, ही गोष्ट वेगळी. दिल्लीचा प्रवास मात्र उत्तर-दक्षिण असल्याने हिवाळ्यातला पश्चिम वारा त्याला आडवा लागतो. आडव्या वाऱ्यात विमानाचे नाक वाऱ्याकडे किंचित वळवून ठेवावे लागते. ८० नॉटच्या आडव्या वाऱ्यात ४५० चे सुमारे ४४३ होतात, आणि हे नुकसान जाताना व येताना सारखेच.

विमान कोणते आहे याचाही तितकाच परिणाम होतो, आणि नेरकरांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन १६ एप्रिल २०२५ रोजी झाले आणि तिथून मुंबईची सेवा एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने सुरू झाली. बेलोरा ते मुंबई हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आहे, नागपूरपेक्षा जवळजवळ १४० किलोमीटरने कमी, तरीही तिकिटावरची वेळ सुमारे पावणेदोन तास असते. कारण एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याची कमाल उंची २५ हजार फूट आहे. अंतर कमी आणि वेळ जास्त, असे हे ठळक उदाहरण आहे. पण बेलोरा यवतमाळ रस्त्याच्या बाजूला असल्याने आपल्या घरापासून तास-सव्वा तासात तिथे पोहोचता येते, आणि नागपूरला जायला साडेतीन ते चार तास लागतात. आकाशात वाया गेलेली दहा-पंधरा मिनिटे जमिनीवर अडीच तासांनी भरून निघतात. ही सेवा आठवड्यातील मोजक्या दिवशी असते आणि वेळा बदलतात, म्हणून वडिलांच्या तारखेला ती जुळते का हे सर्वांत आधी पाहावे, एवढेच माझे सांगणे.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते अंतराबद्दलच आहे. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली तेव्हा तिचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. वरच्याच रीतीने अंतरे काढून पाहा: मुंबई ६८३, दिल्ली सुमारे ८५५, चेन्नई सुमारे ९१०, कोलकाता सुमारे ९८५. चारही हजार किलोमीटरच्या आत, त्या काळच्या विमानांना एका रात्रीत जाऊन येण्याजोगी. त्या थैल्यांमधली पत्रे सकाळी दुसऱ्या टोकाला वाटली जात, हे मला आजही अभिमानाचे वाटते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण आपल्या भागातून आखातात कामाला जाणारे पुष्कळ आहेत. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. शारजाचे घड्याळ आपल्यामागे दीड तास आणि दोहाचे अडीच तास आहे. म्हणून नागपूर–शारजा या सुमारे २,४५० किलोमीटरच्या प्रवासात दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर प्रवास दीड तासाने लहान भासतो आणि परतताना तेवढाच लांब भासतो. भारतात सर्वत्र एकच वेळ असल्याने देशांतर्गत तिकिटाला ही अडचण नाही.

आता आपला खरा हिशेब, आणि तो उलट्या बाजूने करावा. तीन वाजता परळला रुग्णालयात बसलेले असायचे, तर अडीचला दारात पोहोचावे. विमानतळावरून परळपर्यंत दुपारच्या वाहतुकीत सव्वा तास धरावा. विमान उभे राहिल्यापासून वयस्कर माणसाला उतरवून, सामान घेऊन, गाडीत बसेपर्यंत पाऊण तास. म्हणजे विमान मुंबईत साडेबाराला लागले पाहिजे. त्यावर उशिराची किमान एक तासाची सोय ठेवावी, म्हणजे साडेअकरा. तिकिटावरच्या १ तास ३५ मिनिटांनी मागे गेले की नागपूरहून सुटण्याची वेळ दहाच्या आधीची हवी. बहुतेक विमान कंपन्यांचे चेक-इन सुटण्याच्या साठ मिनिटे आधी बंद होते. सोबत रुग्ण असताना पावणेदोन तास आधी, म्हणजे आठ-सव्वाआठला विमानतळावर असावे. नेरहून निघायची वेळ पहाटे चार-सव्वाचार. रुग्णाची झोप मोडून रात्रीच्या अंधारात चार तास रस्ता कापणे मला पसंत नाही. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी नागपूरला मुक्काम करून सकाळचे पहिले किंवा दुसरे विमान धरणे बरे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते आणि सकाळचा उशीर दुपारपर्यंत साचत जातो, म्हणून सकाळची विमाने वेळेवर असण्याची शक्यता जास्त असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र विमान दिल्लीहून येऊन पुढे मुंबईला जाणारे असेल तर तिकडच्या धुक्याचा विचार करावा.

माझ्या एका चुलतभावाने काही वर्षांपूर्वी ‘मुंबई तासाभरावर आहे’ असे धरून दुपारच्या भेटीसाठी सकाळी अकराचे विमान घेतले होते. विमान फक्त चाळीस मिनिटे उशिरा सुटले, मुंबईवर पंधरा मिनिटे फिरले, आणि भेटीची वेळ निघून गेली. त्याने मला आधी विचारले असते तर मी आदल्या रात्रीची रेल्वे सुचवली असती, आणि आपल्यालाही ती डोळ्याआड करू नका असे सांगेन. बडनेऱ्याहून संध्याकाळी-रात्री बसून सकाळी मुंबईत उतरवणाऱ्या गाड्या आहेत. वडिलांना झोपून प्रवास चालत असेल तर दारापासून दारापर्यंतच्या वेळेत विमानाची आघाडी फार थोडी उरते, आणि दुपारच्या तीनसाठी हाताशी अख्खी सकाळ राहते.

विमानच ठरले तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, विमानतळावर जाऊन नव्हे. आणि परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नये: तपासणी कधी आटोपेल हे डॉक्टरांच्या हाती असते, आणि ते १ तास २५ मिनिटांचे विमान रात्री नागपूरला उतरल्यानंतर नेरचे चार तास अजून शिल्लकच असतात.